पाठीवरून न उतरवलेलं मूल

हान साम्राज्याचा सम्राट वू म्हातारा झाला होता. पन्नासहून अधिक वर्षं त्याने राज्य केलं होतं. शेवटच्या काळात त्याने दरबारी चित्रकाराला बोलावून एक चित्र काढून घेतलं. चित्रात झोऊ गोंग हा राजाचा चुलता लहानग्या राजाला पाठीवर घेऊन उभा होता आणि समोर मांडलिक राजे मुजरा करत होते. गोष्ट जवळजवळ हजार वर्षांपूर्वीची, पण चीनमध्ये ती सर्वांच्या तोंडी होती. भाऊ वारला, पुतण्या लहान होता, म्हणून चुलत्याने सात वर्षं राज्य सांभाळलं आणि मुलगा मोठा झाल्यावर त्याचं त्याला परत देऊन तो पुन्हा मंत्र्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. सम्राटाने हे चित्र हुओ ग्वांग नावाच्या अधिकाऱ्याला भेट दिलं. इ.स.पू. ८७ मध्ये सम्राट मृत्युशय्येवर असताना हुओ ग्वांगने रडत विचारलं, तुमच्यामागे कोण? सम्राट म्हणाला, चित्राचा अर्थ अजून कळला नाही का? धाकट्याला गादीवर बसवा आणि तुम्ही झोऊ गोंग व्हा.

त्या चित्रात मुलाला पाठीवर घेतलेलं दिसतं, त्याला खाली उतरवताना दिसत नाही. पुढच्या एकवीस वर्षांत जे घडलं त्याचं मूळ मला याच अर्धवटपणात दिसतं. तात्पुरती म्हणून सोपवलेली सत्ता कधी परत करायची, आणि ती वेळ आली हे कोणी ठरवायचं? हा प्रश्न तेव्हाची राजधानी चांगआनमध्ये कोणी मोठ्याने विचारला नाही. त्याची किंमत एका राणीने, एका पदच्युत सम्राटाने, दोनशेहून अधिक दरबाऱ्यांनी आणि शेवटी खुद्द हुओ घराण्याने जिवाने नाहीतर आयुष्याने मोजली.

हुओ ग्वांगच्या घराण्याचा नाश कसा झाला याचं ठरलेलं उत्तर पहिल्या शतकातल्या बान गू या इतिहासकाराने देऊन ठेवलं आहे: माणूस एकनिष्ठ होता, पण शिकलेला नव्हता, मोठं तत्त्व त्याला उमगलं नाही, बायकोचं पाप त्याने झाकलं आणि मरणानंतर तीन वर्षांत वंश बुडाला. चिनी भाषेत 'ना शिक्षण ना अक्कल' अशा अर्थाचा जो वाक्प्रचार आजही वापरतात, तो या ताशेऱ्यातूनच आला. हे उत्तर मला अपुरं वाटतं. बायको वाईट होती, पोरं माजली, असं म्हटलं की प्रश्न एका घराच्या उंबऱ्याआत जातो आणि राज्याच्या रचनेला कोणी हात लावत नाही.

माणूस म्हणून हुओ ग्वांग विलक्षण होता. बाप साधा कारकून. सावत्र भाऊ हुओ चुबिंग हा शिओंग्नू टोळ्यांविरुद्धच्या लढायांमध्ये विशी-बाविशीतच गाजलेला सेनानी, आणि त्यानेच धाकट्या भावाला खेड्यातून राजधानीत आणलं. पुढे हुओ ग्वांगला 'महासेनापती' ही पदवी मिळाली खरी, पण त्याची सगळी कारकीर्द राजवाड्याच्या आतली. वीसहून अधिक वर्षं तो सम्राट वूच्या अवतीभोवती राहिला आणि एकदाही चुकला नाही. दरबारात येता-जाता तो ठरावीक जागीच थांबे. पहारेकऱ्यांनी गुपचूप खूण करून पाहिली, तर पाऊल रोज त्याच ठिकाणी पडत होतं, इंचाचाही फरक नाही. त्या म्हाताऱ्या सम्राटाच्या दरबारात किती सेनापती आणि प्रधान डोकं गमावून बसले होते, हे आठवलं की इतक्या सावधपणाचं कारण कळतं.

त्याची आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारभार हाती आल्यावर एका रात्री वाड्यात काही विचित्र प्रकार झाला आणि सगळे घाबरले. हुओ ग्वांगने राजमुद्रा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला बोलावून मुद्रा मागितली. त्याने दिली नाही. हिसकावून घ्यायला हात पुढे केला तेव्हा त्याने तलवारीच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाला, माझं डोकं घ्या, मुद्रा मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी हुओ ग्वांगने त्याला दोन पायऱ्या बढती दिली. 'नाही' म्हणणाऱ्या माणसाची किंमत त्याला कळत होती. म्हणूनच पुढचा सगळा प्रवास वाचताना जास्त वाईट वाटतं.

कारभारही त्याने चांगला केला, हे मान्य करायलाच हवं. सम्राट वूच्या युद्धांनी देश पिळून निघाला होता, आणि नोंदणीतली लोकसंख्या निम्मी झाल्याचं इतिहासात लिहिलं आहे. हुओ ग्वांगच्या काळात कर हलके झाले, शेतकऱ्यांना बियाण्यांसाठी कर्ज मिळालं. इ.स.पू. ८१ मध्ये प्रांतोप्रांतीहून साठहून अधिक विद्वान राजधानीत बोलावले गेले आणि मीठ व लोखंड यांवर सरकारची मक्तेदारी असावी की नसावी यावर दरबारात उघड वाद झाला. मक्तेदारीचा शिल्पकार सांग होंगयांग समोर बसून उत्तरं देत होता. खेड्यापाड्यातून आलेल्या माणसांनी सत्तेतल्या मंत्र्याला तोंडावर सांगितलं की सरकारी कारखान्यातली अवजारं महाग आणि बोथट असतात. निकाल अर्धामुर्धा लागला. मद्याची मक्तेदारी गेली, मीठ आणि लोखंडाची बहुतेक ठिकाणी राहिली. तरी सार्वजनिक धोरणावर असा समोरासमोर वाद तेव्हा घडला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण सम्राट वूने सत्ता चौघांवर मिळून सोपवली होती: हुओ ग्वांग, शिओंग्नू राजपुत्र असूनही हान दरबारात विश्वासू ठरलेला जिन मिदी, शांगग्वान जिए आणि हाच सांग होंगयांग. जिन मिदी वर्षभरात वारला. इ.स.पू. ८० मध्ये उरलेल्या दोघांनी हुओ ग्वांगविरुद्ध कट केला, तो फसला आणि दोघांची घराणी संपली. चौघांची जबाबदारी एकाच्या हाती आली. रिकाम्या जागा भरण्याची सोय नव्हती, आणि भरायला हव्यात असं कोणाला वाटल्याचंही दिसत नाही.

त्यानंतर इ.स.पू. ७७ साल उजाडलं. आठव्या वर्षी गादीवर बसलेला सम्राट झाओ अठरा वर्षांचा झाला. प्रौढत्वाची टोपी घालण्याचा विधी थाटात पार पडला. म्हणजे पाठीवरचं मूल चालायला लागलं होतं. चित्राप्रमाणे आता त्याला खाली उतरवायला हवं होतं. इतिहासात या प्रसंगाबद्दल एवढंच आहे की सम्राटाने प्रौढ झाल्यावरही सगळा कारभार हुओ ग्वांगकडेच ठेवला.

सातबारा चाळलेल्या माणसाला 'अ.पा.क.' ही अक्षरं ओळखीची असतात. वारस अज्ञान असला की त्याच्या नावासोबत अज्ञान पालनकर्त्याचं नाव लागतं. मूल सज्ञान झालं की अर्ज द्यायचा, फेरफार होतो आणि पालनकर्त्याचा शेरा कमी होतो. दोन गुंठ्यांसाठीसुद्धा आपण ही तारीख आधीच ठरवून ठेवतो. पालनकर्ता देवमाणूस असला तरी अज्ञानाची जमीन न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याला विकता येत नाही. हा त्याच्यावरचा अविश्वास नाही. उद्या मुलाने हिशेब मागितला तर त्याला मान खाली घालावी लागू नये, म्हणून ही पालनकर्त्याच्याही सोयीची गोष्ट आहे. अख्ख्या चीनच्या बाबतीत असा फेरफार नोंदवणारी कचेरी नव्हती.

मधल्या काळात शांगग्वान जिए आणि त्याच्या मुलाने, हुओ ग्वांगचं न ऐकता, त्याची नात सम्राटाला दिली होती; ती शांगग्वान जिएचीही नात होती. लग्नाच्या वेळी ती सहा वर्षांची होती. पुढे तिच्याच पोटी वारस यावा म्हणून दरबारातल्या वैद्यांनी आणि हुजऱ्यांनी मर्जी ओळखून सल्ला दिला की सम्राटाची प्रकृती नाजूक आहे, संयम हवा. वाड्यातल्या दासींनासुद्धा पुष्कळ नाड्यांचे बंद पायजमे घालायला लावले. ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. एका माणसाची मर्जी सगळीकडे पोचली की वैद्य रोग्याकडे न पाहता तिच्याकडे पाहून औषध सांगतो, याचा हा पुरावा आहे. इ.स.पू. ७४ मध्ये सम्राट झाओ जेमतेम विशी ओलांडून वारला. त्याला मूल नव्हतं.

आता राजा निवडण्याचं कामही हुओ ग्वांगकडे आलं. सम्राट वूचा नातू, चांगयीचा तरुण राजा लिऊ हे याला आणवलं आणि सत्तावीस दिवसांत पदच्युत केलं. आरोप असे: सुतकात मांस आणवलं, वाद्यं वाजवली, आपल्या गावची माणसं पदांवर बसवली, निरनिराळ्या कचेऱ्यांना दूत धाडून ११२७ मागण्या केल्या. म्हणजे दिवसाला चाळिसाहून अधिक. दरबार भरवून हुओ ग्वांगने मत विचारलं तेव्हा सगळे सुन्न होऊन बसले. मग तियान याननियान हा मंत्री तलवारीला हात घालून उठला आणि म्हणाला, आज मागे राहील त्याला इथेच कापतो. मग मात्र एकमत झालं. अशा एकमताला मी मत म्हणणार नाही. पंधरा वर्षांची राजमाता, म्हणजे हुओ ग्वांगची तीच नात, मोत्यांच्या वस्त्रात बसून आरोपपत्र ऐकत होती. लिऊ हे म्हणाला, सात स्पष्टवक्ते मंत्री असतील तर राजा बिघडला तरी राज्य जात नाही, असं मी ऐकलंय. हुओ ग्वांगने उत्तर दिलं, राजमातेने तुम्हाला काढलंय, आता कसले राजा? आणि हात धरून मुद्रेची फीत सोडवून घेतली. लिऊ हेबरोबर आलेल्या दोनशेहून अधिक माणसांना मारलं. मरायला जाताना ते रस्त्यात ओरडत होते की करायचं तेव्हा केलं नाही, म्हणून ही पाळी आली. काय करायचं राहिलं होतं, हे ऐकणाऱ्यांना सांगावं लागलं नसेल.

२०११ मध्ये च्यांगशी प्रांतात नानचांगजवळ या लिऊ हेची कबर सापडली. तिच्यात सोनं निघालं, दहा टनांहून अधिक वजनाची नाणी निघाली, कन्फ्यूशियसचं चित्र असलेली आरशाची चौकट निघाली, आणि बांबूच्या हजारो पट्ट्यांवर लिहिलेले ग्रंथ निघाले. त्यांत कन्फ्यूशियसच्या वचनांची एक प्रतही आहे. एवढ्यावरून तो उत्तम राजा झाला असता असं म्हणता येत नाही. पण दोन हजार वर्षं आपल्यापुढे फक्त फिर्यादीची बाजू होती, आणि ज्याने राजा निवडला, त्यानेच फिर्याद केली, त्यानेच न्याय केला, हे त्या कबरीपाशी लक्षात येतं.

पुढचा राजा हुओ ग्वांगने जपून निवडला. सम्राट वूचा पणतू, तान्हेपणी तुरुंगात राहिलेला, आजोबा-वडील सगळे राजकारणात मारले गेलेले, पाठीशी कोणी नाही. हा सम्राट श्वान. अठरा वर्षांचा, म्हणजे पहिल्या दिवसापासून सज्ञान. राज्याभिषेकानंतर तो पूर्वजांच्या मंदिरात निघाला तेव्हा रथात शेजारी हुओ ग्वांग होता, आणि सम्राटाला पाठीत काटे टोचल्यासारखं वाटत होतं. नंतर तिथे झांग आनशी नावाचा दुसरा सेनापती बसला तेव्हा त्याचं अंग सैल पडलं. इ.स.पू. ७३ मध्ये हुओ ग्वांगने साष्टांग नमस्कार घालून कारभार परत देऊ केला. सम्राटाने नाकारला, उलट सगळी प्रकरणं आधी महासेनापतीकडे जातील, मग माझ्याकडे, असा हुकूम दिला.

याचा दाखला देऊन काही जण म्हणतात, त्याने तर देऊ केलं होतं, तो आणखी काय करणार? मला हे पटत नाही. वाड्याच्या दोन्ही पहाऱ्यांचे सरदार हुओ ग्वांगचे जावई होते. मुलगा आणि भावाचे नातू सैन्यात होते. आदल्या वर्षी एका राजाला सत्तावीस दिवसांत उचलून बाहेर ठेवलं होतं. अशा वेळी समोरचा 'घ्या तुमचं राज्य' म्हणाला तर कोणता अठरा वर्षांचा मुलगा 'द्या' म्हणेल? नकार देण्याची मोकळीक नसेल तर होकारालाही अर्थ राहत नाही, आणि या सम्राटाला दोन्हींची मोकळीक नव्हती. खरोखर परत द्यायचं असतं तर आधी जावयांना पहाऱ्यावरून हलवायला हवं होतं.

मग इ.स.पू. ७१ आलं. सम्राटाने गरिबीच्या दिवसांतली बायको शू पिंगजुन हिला हट्टाने राणी केलं होतं. दरबार हुओंच्या मुलीचं नाव सुचवत असताना त्याने हुकूम काढला की माझी जुनी तलवार शोधून आणा. जुनी तलवार म्हणजे जुनी बायको, हे मंत्री उमजले. पण हुओ ग्वांगची बायको शियान हिने हे मनात ठेवलं. राणी बाळंतपणात असताना तिने चुनयू यान या वैद्यबाईला हाताशी धरलं. त्या बाईला नवऱ्यासाठी नोकरी हवी होती. बचनागाच्या जातीतलं विष गोळ्यांत मिसळून दिलं. डोकं जड झालंय, औषधात विष तर नाही ना, असं राणीने विचारलं. नाही, असं उत्तर आलं, आणि ती गेली. चौकशी सुरू झाली तेव्हा शियानने नवऱ्याला खरं सांगितलं. हुओ ग्वांग हादरला, फिर्याद द्यावी असं त्याच्या मनात आलं, धीर झाला नाही, आणि कागद समोर आला तेव्हा त्याने वैद्यबाईला सोडून द्यावं असा शेरा मारला.

बान गू आणि सगळे याच क्षणाला त्याचं पतन म्हणतात. पतन होतंच. पण तो कागद आरोपी घरातली असताना त्याच्याच समोर का आला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. राज्यातला प्रत्येक कागद त्याच्यासमोर येत होता म्हणून. अर्जांची पद्धतच अशी होती की प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती द्यायच्या. कारभारी आधी दुसरी प्रत फोडणार आणि मजकूर आवडला नाही तर अर्ज सम्राटापर्यंत जाणारच नाही. राणीच्या खुनाची तक्रारही या वाटेनेच गेली असती. बायकोला वाचवायची की न्याय करायचा, अशा पेचात जगातला कोणताही नवरा चुकू शकतो. म्हणून तर तो पेच त्याच्या वाट्याला येऊ देऊ नये.

इ.स.पू. ६८ मध्ये हुओ ग्वांग वारला. सम्राटाच्या तोडीची अंत्ययात्रा निघाली. मग सम्राट श्वानने दोन कामं केली. वेई शियांग या मंत्र्याच्या सांगण्यावरून अर्जांची दुसरी प्रत बंद केली. आणि हुओंच्या जावयांना एकेक करून पहाऱ्यांवरून हलवलं, मुलाला मोठं पद दिलं पण हाताखालचं सैन्य काढून घेतलं. बस, एवढंच. आभाळ कोसळलं नाही, शिओंग्नू चालून आले नाहीत. इ.स.पू. ७७ मध्ये किंवा ७३ मध्ये हुओ ग्वांगला हेच स्वतःच्या हाताने करता आलं असतं. त्या काळात सत्ता सोडणं म्हणजे मरण होतं, असं म्हणतात. ज्याच्या हातात सगळं आहे त्याने जिवंतपणी, सावकाश, अटी ठरवून सोडलं असतं तर कदाचित मरण नव्हतं. ते वारसांवर आलं, कारण वारसांकडे त्याचा दरारा नव्हता, फक्त त्याचे शत्रू होते. इ.स.पू. ६६ मध्ये पोरांनी बंडाचा कट केला, तो उघडा पडला, मुलगा हुओ यू कमरेतून तोडला गेला, शियानला मृत्युदंड मिळाला, शू पिंगजुननंतर राणी झालेली मुलगी पदावरून गेली. सुक्याबरोबर ओलंही जळालं आणि त्यांच्याशी नातं असलेली कित्येक घराणी संपली.

सम्राट श्वान या हिशेबातून सुटत नाही. माओलिंगच्या शू फू नावाच्या माणसाने तीनदा अर्ज दिला होता की हुओंवर खरंच माया असेल तर त्यांना वेळीच आवरा, नाश होईपर्यंत वाढू देऊ नका. नोंद घेतली, असं उत्तर मिळालं. कट उघडा पडल्यावर फितुरी सांगणाऱ्यांना सरदारक्या मिळाल्या, शू फूला काही नाही. तेव्हा कोणीतरी सम्राटाला गोष्ट लिहून पाठवली. एका घरी पाहुणा आला, चुलीचं धुराडं सरळ आणि शेजारी लाकडं रचलेली पाहून म्हणाला, धुराडं वाकवा, लाकडं हलवा, नाहीतर आग लागेल. यजमानाने ऐकलं नाही. आग लागली, शेजाऱ्यांनी विझवली. यजमानाने बैल कापून जेवण घातलं, भाजलेल्यांना वरच्या पंगतीत बसवलं, आणि सांगणाऱ्याला बोलावलंच नाही. सम्राटाने मग शू फूला दहा ताग्यांचं रेशीम आणि लहानशी नोकरी दिली.

ही गोष्ट चीनमध्ये शहाणपणाची म्हणून सांगतात. मला ती सम्राटाविरुद्धची साक्ष वाटते. त्याने हुओंच्या पोरांना आधी पदं दिली, एकाकडे दप्तर सोपवलं, मग बळ काढून घेतलं आणि भीती राहू दिली. अकराव्या शतकातल्या सिमा ग्वांग या इतिहासकाराने हाच ठपका ठेवला आहे, की नाश पिकू दिला गेला. आणि तो पिकला तेव्हा एवढ्या मोठ्या सेवेची आठवण म्हणून एका वारसालाही वाचवलं नाही.

नुकसान तिथेच थांबलं नाही. राजाला काढण्याची ती सत्तावीस दिवसांची घटना पुढे नमुना झाली. वांग मांग या मंत्र्याने झोऊ गोंगचं नाव घेत लहान मुलाचा कारभार हाती घेतला आणि इ.स. ९ मध्ये स्वतःच गादीवर बसला. इ.स. १८९ मध्ये दोंग झुओ या सेनापतीने बालसम्राटाला काढलं, २५४ मध्ये सिमा शी या सेनापतीने आपल्या सम्राटाला काढलं, दोघांच्याही तोंडी हुओ ग्वांगचं नाव होतं. त्याने राज्यासाठी केलं असेल. पण कोणी करावं, केव्हा करावं आणि कोणाला विचारून, याचा नियम न ठेवता केलं, म्हणून ते कोणालाही वापरता आलं.

इ.स.पू. ५१ मध्ये सम्राट श्वानने चीलिन मंडपात आपल्या अकरा थोर सेवकांची चित्रं लावली. पहिलं हुओ ग्वांगचं. बाकी दहा जणांची पदं आणि नावं पूर्ण लिहिली आहेत. पहिल्या चित्राखाली लिहिलं: महासेनापती, बोलूचा सरदार, आडनाव हुओ. नाव लिहिलं नाही. तो मान होता असं सांगतात. मला त्या मंडपात आधीचं चित्र आठवतं, पाठीवर मूल घेतलेल्या माणसाचं, आणि ते हुओंच्या वाड्यातून जप्तीच्या दिवशी कुठे गेलं असेल असं वाटत राहतं.